पेटीपुढचा सडा

"हवेला रविवार कळतो का?" परीक्षकांनी विचारले.

कुंदा फळ्यापुढे खडू घेऊन उभी होती. टेबलाशी तिचे मार्गदर्शक म्हणजे आमचे सर, विभागातले दोन प्राध्यापक आणि पुण्याहून आलेले परीक्षक बसले होते. दारात चहाचा ट्रे घेऊन मी. कुंदाच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालू होती. तोपर्यंत सगळे बरे चालले होते.

परीक्षकांनी नोंदवही तिच्याकडे वळवली. "एप्रिल आणि मे. दोन्ही वर्षांचे. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, तुमच्या पेटीत हवेतली ओल नागपूरच्या विमानतळावरच्या वेधशाळेपेक्षा जास्त. रविवारी ती उतरते. सोमवारी पुन्हा चढते. दुपारी अडीचला मात्र दोन्हीकडे सारखीच. तुम्ही लिहिलंय की ही शहरातल्या कूलरची, दारांवर भिजवून लावलेल्या खसच्या टट्ट्यांची, तलावांची ओल. मग कूलर रविवारी बंद असतात का?"

"नाही सर," कुंदा म्हणाली.

"मग?"

कुंदाने सरांकडे पाहिले. सरांनी वहीकडे पाहिले. उत्तर त्या दोघांजवळही नव्हते. ते माझ्याजवळ होते, कारण रविवारी माझी सुट्टी असायची.

मी त्या विभागात परिचर होते. शिक्षण चौथीपर्यंत, पारशिवनीजवळच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत. नवरा त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. तो वारला तेव्हा त्याच्या जागी मला घेतले. काम झाडणे, पुसणे, चहा आणणे, कुलपे लावणे. पण भौतिकशास्त्राच्या इमारतीमागे तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी होती, चारही बाजूंनी फटीफटींची. आत चार तापमापक. माझ्या आधी नोंद घेणारा दुसरा एक परिचर पारा वाचताना डोळे बारीक करी आणि मनाला येईल तो आकडा लिही. सरांनी मला महिनाभर शिकवले. एक वाचन ते घेत, एक मी, आणि मग दोन्ही ताडून पाहत. महिन्याच्या शेवटी म्हणाले, "यमुनाबाई, तुमचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे." सर कोणाचे कौतुक करत नसत. ते खरेच असावे.

वाचन घेणे अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. डोळा पाऱ्याच्या नेमका समोर हवा. उंच माणसाने वाकायचे, माझ्यासारखीने पाटावर उभे राहायचे. दार उघडून लगेच वाचायचे, नाहीतर आपल्याच श्वासाने पारा चढतो. चारपैकी एका तापमापकाच्या पाऱ्याच्या फुग्यावर ओल्या मलमलची टोपी असते. हवा कोरडी असली की टोपीतले पाणी भराभरा उडते आणि तो तापमापक दुसऱ्यापेक्षा थंड पडतो. दोघांतला फरक घेतला आणि सरांजवळच्या तक्त्यात बोट फिरवले की हवेत ओल किती ते कळते. एवढेच. मलमल मी गांधीबागेतून आणायचे, पाव मीटर. दुकानदार दर वेळी विचारायचा, "बाई, बाहुलीचं लगन हाये का?" मी म्हणायचे, "हो, अन् तुले बोलावणं नाई." घरी नेऊन तिची खळ जाईपर्यंत उकळायची. खळ राहिली तर मलमल पाणी ओढत नाही आणि आकडा खोटा येतो.

हवामानाची मोठी पदवी घ्यायला काय काय लागते ते मी इतक्या वेळा पाहिले की मला तोंडपाठ झाले होते. आधी विषय लिहून समितीपुढे ठेवायचा. समिती तो एकदा परत करते, केलाच पाहिजे अशी त्यांची समजूत. मग नोंदणी. नोंदणी पाच वर्षे चालते, नंतर आपोआप रद्द. त्या पाच वर्षांत दर सहा महिन्यांनी केलेल्या कामाचा अहवाल, एका परदेशी भाषेची परीक्षा, आणि आमच्या सरांचा नियम म्हणून दोन पूर्ण वर्षांच्या नोंदी, एक दिवसही न चुकता. परदेशी भाषा कशाला ते मला कोणी सांगू शकले नाही. कुंदा कुंपणाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून जर्मन शब्द घोकायची आणि झाडावरचे कावळे उडून जायचे. शेवटी प्रबंध, त्याच्या बांधलेल्या प्रती, बाहेरगावचे परीक्षक, आणि तोंडी परीक्षा. लोकांना वाटते या पदवीला फार डोके लागते. डोके लागते, पण रोज ठरल्या वेळी त्या पेटीपुढे जाऊन उभे राहणे जास्त लागते. डोक्याची मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांतली बरीच पहिल्या पावसाळ्यात गळायची.

एक गोंदियाकडचा विद्यार्थी होता, हुशार. त्याने शनिवारीच रविवारचे आकडे लिहून ठेवले आणि घरी गेला. त्या रात्री वादळ झाले, कडुनिंबाची फांदी पेटीवर पडली आणि कमाल तापमान दाखवणारा तापमापक फुटला. वहीत मात्र रविवारचे कमाल तापमान नीट लिहिलेले. सोमवारी सरांनी त्याच्या हातात काच ठेवली आणि म्हणाले, "यातून वाचून दाखवा." तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. सरांना खोट्या आकड्याची अशी चीड होती. ही गोष्ट मला ठाऊक होती. म्हणून परीक्षेच्या दिवशी मी ट्रे घेऊन दारातच थांबले.

कुंदा काटोलची. वडिलांची संत्र्याची बाग. मे महिन्याच्या कोरड्या हवेत लहान संत्री देठातून गळतात, ते बघत मोठी झालेली मुलगी. म्हणून तिने विषय घेतला तो उन्हाळ्यातल्या हवेच्या ओलीचा. शरीराने किरकोळ, बोलायला तिखट. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला प्रयोगशाळेत मुलांना शिकवावे लागे, त्यावर तिचा खर्च चालायचा. म्हणून ठरले असे, की सोमवार ते शनिवार साडेआठची आणि साडेपाचची नोंद मी घ्यायची. दुपारी अडीचची, मधल्या सुट्टीत, रोज तिची, आणि रविवारच्या तिन्ही तिच्या.

आता माझी चूक सांगते. आमच्या खेड्यात सकाळी दारात सडा टाकल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. मी ती पेटी सांभाळायला लागले तेव्हापासून तिच्यापुढेही सडा टाकू लागले, पाण्याचाच, चार बादल्या. उन्हाळ्यात धूळ उडून फटींत बसायची, ती बसू नये हे एक. दुसरे म्हणजे सवय. कोणी शिकवले नाही, कोणी अडवले नाही. सर दहाला यायचे, तोवर मे महिन्यातली जमीन कोरडीठाक.

संध्याकाळचा सडा कुंदासाठी होता. पावणेसहाला ती यायची आणि कुंपणातल्या पायरीवर बसून दिवसभराचे गणित करायची. दिवसभर तापलेल्या जमिनीतून भट्टीसारखी धग यायची. तिचे तोंड लाल व्हायचे, आणि ते मला बघवत नसे. म्हणून मी पाच वाजता आठ बादल्या ओतायचे, साडेपाचला नोंद घ्यायचे आणि प्रयोगशाळेची कुलपे लावायला जायचे. कुंदा यायची तेव्हा जमीन ओली. तिला वाटायचे मी नोंद घेतल्यावर सडा टाकते. "मावशी, किती गार वाटून राहिलं वं," म्हणायची. तिने विचारले नाही. मी सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे हेच मला माहीत नव्हते. मलमलमधली खळ काढायला मला शिकवले होते, जमिनीचे कोणी काही बोलले नव्हते.

परीक्षकांचा प्रश्न ऐकला आणि ते सगळे एका क्षणात माझ्यापुढे उभे राहिले. गप्प राहिले असते तर काय झाले असते? कुंदाने काहीतरी सांगितले असते, परीक्षकांनी मान हलवली असती किंवा नसती. कदाचित त्या दिवशीच ती डॉक्टर झाली असती.

मी ट्रे टेबलावर ठेवला. "साहेब, रविवार हवेला कळत नाही. रविवारी मी येत नाही. मी सडा टाकते."

"कशाचा सडा?"

"पाण्याचा. पेटीपुढे. नोंदीच्या आधी, सकाळ-संध्याकाळ."

 कुंदाच्या हातातला खडू मोडला. सर माझ्याकडे बघत होते, गोंदियाच्या त्या मुलाकडे बघितले होते तसे नाही, पण मला बरे वाटेल असेही नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला. "किती पाणी?"

"सकाळी चार बादल्या, संध्याकाळी आठ."

त्यांनी ते लिहून घेतले. मग कुंदाला म्हणाले, "तुमचा निष्कर्ष पाण्यात गेला." ते विनोद करत नव्हते. मला बाहेर जायला सांगितले.

निर्णय संध्याकाळी कळला. प्रबंध नाकारला नव्हता, परत केला होता. एका पूर्ण उन्हाळ्याच्या नोंदी पुन्हा घ्यायच्या, मार्च ते मे, एक दिवसही न चुकता. तिन्ही वेळा कुंदाने स्वतः घ्यायच्या, फार तर सरांनी. मी पेटीला हात लावायचा नाही. कुंदाची पाच वर्षे जूनअखेर संपत होती. म्हणजे मिळणार होता तो एकच उन्हाळा. त्यातला एक दिवस गेला तर पदवी गेली.

कुंदा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मीही तिला समजवायला गेले नाही. तिचा राग बरोबर होता.

मग तिचे वडील काटोलहून बसने आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. धोतर, टोपी, उन्हाने रापलेला माणूस. विभागाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उकिडवे बसले. कुंदा खांबाशी उभी होती, तोंड दुसरीकडे करून.

"यमुनाबाई, तुम्ही बोलल्या नसत्या त पोरगी आज डॉक्टर झाली असती."

"झाली असती."

"मंग काहून बोलल्या?"

"उद्या तिनं तेच पोराइले शिकवलं असतं. खोटं."

त्यांनी संत्रे सोलले. अर्धे मला दिले. "खोटं त नाई ते. मी मे महिन्यात बागेले पाणी देतो नं, तवा झाडाखाली गार वाटते. ओल त होतेच हवेत. पण किती होते अन् किती येळ राहते, हे आजवर मले कोण्या शिकल्या माणसानं सांगतलं नाई. मी आपला अंदाजानं पाणी सोडतो."

कुंदा वळली. "बाबा, काय म्हणलं तुम्ही?"

"पाणी सोडतो म्हणलं."

"त्याच्या आधी."

त्यांनी पुन्हा सांगितले. कुंदा तडक सरांच्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने आली आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मावशी, सडा टाकाचा. सम तारखेले टाकाचा, विषम तारखेले नाही. बादल्या मोजून, घड्याळ पाहून."

"मले पेटीजवळ यायची बंदी हाये."

"पेटीले हात लावाची बंदी हाये. जमिनीले नाही."

वडील म्हणाले, "पाहा, तोंड कसं चालते. सासरी कसं व्हायचं?"

"सासर मोजाले कोणी सांगतलं नाही अजून," कुंदा म्हणाली.

तो उन्हाळा वाईट होता. नागपूरचा उन्हाळा दर वर्षी वाईटच असतो, पण त्या वर्षी मे अर्धा सरल्यावर रस्त्यावर दुपारी कुत्रे दिसेना. सुट्टीमुळे कॉलेज ओस. कुंदाने शिकवायचे काम तीन महिने सोडले होते; साडेआठला यायची, अडीचला यायची, साडेपाचला यायची. मी सम तारखेला सडा टाकायचे आणि विषम तारखेला कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली नुसती बसायचे. इतकी वर्षे ज्या पेटीत मी डोकावले तिच्याकडे आता बाहेरून बघायचे. मला त्याचे वाईट वाटले, हे मी कोणाला सांगितले नाही.

त्यातल्याच एका विषम तारखेची ही गोष्ट. अडीचची नोंद झाली. कुंदाने पेटीचे दार लावले, वहीत लिहिले, आणि जेवायला बसावे तशी हळूच खाली बसली. मग आडवी झाली. मी आत गेले. अंग तव्यासारखे तापलेले आणि घामाचा एक थेंब नाही. घाम थांबला की माणूस हातचा जातो, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असते. दुसऱ्या दिवशीच्या सड्याच्या बादल्या मी सावलीत भरून ठेवल्या होत्या. एकेक करून तिच्यावर ओतल्या, डोक्यापासून पायापर्यंत. लुगड्याचा पदर भिजवून तिच्या मानेखाली ठेवला. मग रिक्षा, मग दवाखाना.

डॉक्टर म्हणाले, रात्र गेली तर बघू. मी तिच्या वडिलांना निरोप धाडायची व्यवस्था केली आणि खाटेशी बसले. पावणेपाचच्या सुमारास तिने डोळे उघडले. मला ओळखले की नाही सांगता येत नाही. म्हणाली, "मावशी, साडेपाच."

मी तिथून निघाले ती थेट सरांच्या घरी. सर खसच्या टट्टीमागे पडून होते. त्यांचे हृदय आधीच अधू होते. सगळे ऐकून उठून बसले. त्यांच्या पत्नी मधे आल्या. "यांना उन्हात जायची मनाई आहे, यमुनाबाई. डॉक्टरांनी बजावलंय."

"बाई, मला पेटीला हात लावायची मनाई आहे," मी म्हणाले. "दोघांतल्या एकाची मनाई मोडावी लागेल. माझी मोडली तर कुंदाची पदवी जाते."

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की ते अजून आठवते. सरांची मोडली तर काय जाईल ते त्या बोलल्या नाहीत, आणि मीही. सर बूट घालत होते.

साडेपाचची नोंद सरांनी घेतली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: दुपारी पावणेतीनला कुंपणात चार बादल्या पाणी ओतले गेले. कारण, निरीक्षक बेशुद्ध.

कुंदा रात्र काढून निघाली, पण दवाखान्यातून नऊ दिवस सुटली नाही. ते नऊ दिवस सर तिन्ही वेळा आले. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून कुंपणापर्यंत नेत असे. आत छत्री न्यायची नाही, पेटीवर सावली पडते, म्हणून तिथून पुढे ते एकटे जायचे. सकाळी आणि संध्याकाळी ठीक. अडीचला मात्र परत येताना ते कुंपणाचा खांब धरून थांबायचे. सहाव्या दिवशी ते खांबाशीच बसले. मी पन्हे दिले. ते बराच वेळ उठले नाहीत आणि मला वाटले, आता दोन जीव माझ्या सड्यापायी जाणार.

"यमुनाबाई," ते म्हणाले, "दोन वर्षांत मी एकदा जरी साडेपाचला इथे आलो असतो, तर हे झालं नसतं."

"हो," मी म्हणाले. ते खरे होते. त्यांना बरे वाटावे म्हणून नाही म्हणणे मला जमले नाही. पण पन्ह्याचा दुसरा पेला भरून दिला आणि त्यांनी तो घेतला.

दहाव्या दिवशी कुंदा ओला पंचा डोक्याला गुंडाळून आली. सर पेटीपाशी होते. तिने काही न बोलता वही त्यांच्या हातातून घेतली.

प्रबंध जूनअखेरच्या आत गेला. शहरातल्या कूलरवरची जवळजवळ चाळीस पाने तिने काढून टाकली. त्यांच्यासाठी तिने दोन वर्षे दिली होती. ती वाया गेली, आणि ती मी घालवली. त्याच्या जागी सडा टाकलेल्या आणि न टाकलेल्या जमिनीवरच्या हवेचे एक लहान प्रकरण आले. सड्याची ओल साडेपाचपर्यंत पेटीत कशी टिकते, वारा सुटला की कशी जाते, बागेला पाणी कोणत्या वेळी द्यावे. तिच्या वडिलांना ते प्रकरण तिने वाचून दाखवले. ते म्हणाले, "संध्याकाळी द्यावं, हे त मले ठावकं होतं." मग म्हणाले, "पण आता लिवलेलं हाये."

दुसरी तोंडी परीक्षा पावसाळ्यात झाली. तेच परीक्षक आले. त्यांनी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवले. या वेळी कुंदाने उत्तर स्वतः दिले. मी चहा आत ठेवून बाहेर आले. तासाभराने सर दारात आले आणि म्हणाले, "झाली डॉक्टर." मी कपबश्या गोळा करायला आत गेले. कुंदा खुर्चीत बसून होती. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी म्हटले, "सोड वं, कपबश्या धुवाच्या हायेत."

मी पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. पेटीला हात लावायची बंदी कधी उठली ते मला कोणी सांगितले नाही, पण पावसाळ्यानंतर सरांनी वही आणि पेन्सिल पुन्हा माझ्या हातात दिली. त्यापुढे सडा मी टाकला तो नोंद झाल्यावरच.

सर त्या उन्हाळ्यानंतर अकरा वर्षे जगले. कुंदाचे वडील बागेतच गेले, म्हातारपणाने. कुंदा आहे, अमरावतीला असते, आता तीही निवृत्त झाली. मी आहे.